एकशेएकावी वाट

लिफ्टचं दार मिटता मिटता फटीतून आधी एक हात आत आला, मग चिखलानं माखलेला एक बूट, आणि मग त्या दोन्हींचा मालक.

"तक्रारीचं ऑफिस कितव्या मजल्यावर?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"पहिल्या," ती म्हणाली. "पण आता तुम्हाला तिसरा मजला बघूनच खाली यावं लागेल. ही लिफ्ट एकदा निघाली की मधे कुणाचं ऐकत नाही."

"म्हणजे माझ्याच स्वभावाची आहे."

ती हसली नाही. निदान तिला तरी तसं वाटलं. दुपारचे तीन वाजले होते, तरी बाहेरचं धुकं उठलं नव्हतं. त्या धुक्याचे बारीक थेंब त्याच्या केसांवर, भुवयांवर, स्वेटरच्या लोकरीवर येऊन बसले होते... आणि लिफ्टच्या पिवळ्या दिव्यात ते सगळे एकदम चमकत होते.

"तक्रार कसली आहे?" तिनं विचारलं.

"माझी वाट हरवली आहे."

"ते दिसतंच आहे."

"नाही हो, खरंच! मी तिकडे पाणथळावर असतो. पक्ष्यांचे आवाज टिपतो. रोजची ध्वनिमुद्रणं तुमच्या जाळ्यातून मुख्य संग्रहात जातात. आज सकाळी नऊपर्यंत जात होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी थांबली. कुणीतरी म्हणालं, राउटर बिघडला असेल. तो कुठं ठेवलाय तेवढं कळलं, तर मी स्वतःच बघतो."

लिफ्ट हिसका देऊन थांबली. दार उघडलं. ती बाहेर पडली, दोन पावलं चालली आणि वळून म्हणाली, "या. तो राउटर माझ्याकडेच आहे."

तिची खोली लहानशी होती. तीन पडदे, एक खिडकी, आणि तिच्या पेल्यातल्या उरलेल्या पाण्यावर जगणारं एक रोप. शाळा, वाचनालयं, प्रयोगशाळा, दवाखाने अशा सगळ्यांना जोडणारं एक मोठं जाळं होतं आणि त्याची देखभाल ती करत असे. तो दारातच थांबून टेबलाखाली, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर नजर फिरवत होता.

"कुठंय?"

"इथं नाहीये. क्लाउडमध्ये आहे. दूर कुठंतरी मोठमोठी यंत्रघरं असतात, त्यातल्या एका यंत्रात तो नुसता एक प्रोग्राम म्हणून राहतो. आम्ही भाड्यानं घेतलाय. त्याच्यावरची धूळ झटकता येत नाही आणि त्याला थपडाही मारता येत नाहीत."

"म्हणजे खरं तर तो नाहीच."

"काम करतो ना? मग आहे."

राउटर म्हणजे काय, हे तिनं आजवर कितीतरी नवशिक्यांना समजावलं होतं. ते सांगायला लागली की तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. तिनं त्याला खुर्ची दिली, बुटांकडे दुर्लक्ष केलं आणि म्हणाली, "समजा, एका नाक्यावर एक माणूस वही घेऊन बसलाय. येणारा प्रत्येक निरोप त्याला विचारतो, अमक्याकडे कसं जाऊ? तो वही बघून सांगतो, डावीकडे, उजवीकडे, सरळ. निरोप निघून जातो. माणूस भला आहे, झोपत नाही, चुकत नाही. पण त्याच्या वहीत शंभरच ओळी आहेत."

"आणि एकशेएकावी आली तर?"

"तर तो भांडत नाही, आरडाओरडा करत नाही. सगळे पत्ते आकड्यांप्रमाणे लावतो आणि ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला मुकाट्यानं वहीबाहेर ठेवतो. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी एक नवी शाळा जोडली." ती जरा थांबली. "तुमचा आकडा दोनशे एक्कावन्न. सगळ्यात मोठा तुमचाच."

"आमच्या वर्गातही मी शेवटच्याच बाकावर असायचो," तो म्हणाला. "मग दुसरा राउटर घ्या की!"

"उपयोग नाही. ही मर्यादा एकट्या राउटरची नाही, आमच्या अख्ख्या जाळ्याची आहे. एकाच्या जागी चार बसवले तरी चौघांत मिळून वही एकच, ओळी शंभरच. वाढवून मागायचा अर्ज केलाय. उत्तर येईल तेव्हा येईल."

 त्याचा चेहरा असा पडला की तिनं पडद्याकडे तोंड वळवलं आणि यादी वरपासून खाली पाहायला घेतली. अर्ध्या तासानं तिला एक ओळ सापडली. दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका वेधशाळेची. तिथं आता कुणीच राहत नव्हतं, पण वाट मात्र तशीच होती. तिनं ती पुसली. क्षणभरानं यादीच्या तळाशी दोनशे एक्कावन्न पुन्हा उगवला.

"झालं?"

"झालं."

त्यानं खिशातून इअरफोन काढले, एक आपल्या कानात घातला आणि दुसरा तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला. आधी नुसतं पाणी... मग गवतातून सरकणारा वारा... आणि मग खूप उंचावरून, एकामागून एक, शेकडो पंखांचा आवाज. कुणी लांबचलांब रेशमी कापड हळूहळू फाडत जावं तसा.

"हे आज पहाटेचं," तो हळूच म्हणाला. "हे तुमच्या वहीबाहेर पडलं होतं."

त्या संध्याकाळी तिनं पेल्यातलं पाणी रोपाला घालायच्या ऐवजी पेनांच्या डब्यात ओतलं.

मग फोन सुरू झाले. पाणथळावर फोनला रेंज नव्हती, पण काठावर एक होडी पालथी पडलेली होती आणि तिच्यावर चढून उभं राहिलं की दोन काड्या मिळत. तो तिथून बोलायचा.

"नेटवर्कबाई, आमची वाट आहे ना जागेवर?"

"आहे. आणि मला बाई म्हणू नका."

"मग काय म्हणू? राउटरताई?"

"अजिबात नाही!"

"बघा, ताई मलाही नकोच होतं," तो म्हणाला, आणि मग दोन्हीकडे असा काही वेळ गेला की तिला वाटलं, तो होडीवरून पडला.

हळूहळू तिला त्याची सगळी गोष्ट कळली. हिवाळी पाहुणे पक्षी पाणथळावर पंचेचाळीस दिवस मुक्काम करतात. पंचेचाळीसही दिवसांचे आवाज, एकाही दिवसाचा खंड न पडता, रोज संध्याकाळी पाचच्या आत संग्रहात पोचले, तर त्याची संस्था तिथली झोपडी आणि त्याचं काम पुढे चालू ठेवणार होती. एक दिवस जरी चुकला, तरी नोंद अपुरी ठरणार, झोपडीला कुलूप लागणार आणि त्याची रवानगी समुद्रातल्या एका लांबच्या बेटावर होणार. जायला बोटीनं दोन दिवस.

"बेटावर फोन असतो?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"पत्र असतं. महिन्यातून एकदा."

घरी आईच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय गं, पूर्वी ऑफिसचा फोन आला की कपाळाला आठ्या घालायचीस," आई एकदा म्हणाली. "हल्ली फोन वाजला की केस नीट करतेस. पलीकडच्याला दिसतात का?"

"आई, कामाचा फोन असतो. पक्ष्यांचं काम आहे."

"असेल, असेल. पाखरू मोठं दिसतंय."

सगळं असंच तरंगत चाललं असतं... पण विसाव्या दिवशी मोठ्या मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कधी चढायचा नाही आणि म्हणूनच सगळे त्यांना वचकून असत.

"लहान मुलांचं नवं रुग्णालय आजच जोडायचं आहे," मॅडम म्हणाल्या. "जागा कर."

तिनं यादी तीनदा चाळली. शंभरच्या शंभर वाटा नांदत्या होत्या. आता एकच उपाय होता, दोन वाटा जुळवून त्यांची एक करायची. एकाच गल्लीतल्या दोन घरांसाठी वहीत दोन ओळी कशाला? "ती गल्ली" एवढं लिहिलं की पुरे. पण त्याला एक अट आहे. दोन्ही घरांचे आकडे शेजारचे हवेत, आणि दोन्हींकडे जायचा रस्ताही एकच हवा. ही अट ती नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून वदवून घ्यायची.

पाणथळाचा आकडा दोनशे एक्कावन्न होता. त्याच्या अगदी मागे, दोनशे पन्नासवर, शहराचं वाचनालय. इतके शेजारी, इतके छान जोडीचे आकडे! तिला झालेला आनंद एवढा मोठा होता की त्यात दुसरी अट कुठल्या कुठे वाहून गेली. वाचनालय शहराच्या मध्यावर होतं आणि पाणथळ शहराबाहेर, एक तार पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला. तिनं दोन्ही ओळी पुसल्या, त्यांच्या जागी एक रुंद ओळ लिहिली, त्या ओळीपुढे पाणथळाचा रस्ता घातला, रुग्णालय जोडलं आणि गुणगुणत चहा घ्यायला गेली.

वीस मिनिटांनी फोन आला. पालथ्या होडीवरून.

"अहो, आज माझ्या यंत्राच्या दिव्याला वेड लागलंय. नुसता लुकलुकतोय! नोंद काढून पाहिली तर पाचशे निरोप येऊन पडलेत, आणि सगळे दोनशे पन्नास नंबरचं घर शोधतायत. इथं तर बदकांशिवाय कुणी नाही. दोनशे पन्नास कोण?"

तिच्या हातातला कप बशीवर कलंडला.

दोनशे पन्नास म्हणजे वाचनालय. घरोघरी बसून पुस्तकं शोधणारी सगळी माणसं तिनं गेली वीस मिनिटं चिखलात पाठवली होती.

ती धावत खोलीत आली. रुंद ओळ पुसली, वाचनालयाची जुनी ओळ परत लिहिली. आकडे दोनदा ताडून पाहिले. शंभर भरले. दोनशे एक्कावन्न यादीबाहेर राहिला. मग ती स्वतः उठून मॅडमच्या खोलीत गेली आणि जे झालं ते सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "शेजारचे आकडे, पण रस्ते वेगळे. ही चूक तू करावीस?"

"हो."

"का?"

खोटं बोलायला जागा होती. दमले होते, घाई झाली, म्हणता आलं असतं. "पाणथळाची वाट राहावी असं मला फार वाटत होतं," ती म्हणाली. "जे वाटत होतं तेच दिसलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "रुग्णालय राहील," त्या म्हणाल्या. "मर्यादा वाढून येईपर्यंत पाणथळ बाहेर. आणि हे तिथल्या माणसाला तू स्वतः सांगायचंस, पत्रानं नाही."

तिनं सांगितलं. तो होडीवरच थांबून तिच्या फोनची वाट बघत होता.

"आमच्या शेजारी एक शाळा आहे," ऐकून घेऊन तो म्हणाला. "तिची आणि आमची तार एकमेकांना जोडलेली आहे. शाळा तुमच्या वहीत आहे. मग मी शाळेमार्फत येऊ शकत नाही?"

"नाही. तीही एक मर्यादाच आहे. शाळा तुम्हाला ओळखते, मी शाळेला ओळखते. पण मधल्याच्या ओळखीवर राउटर पुढे सोडत नाही. ज्याला यायचंय त्याची स्वतःची ओळ लागते."

"मधला माणूस चालत नाही..."

"नाही."

"मग स्वतःच यावं लागणार!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एकदम ऊन पडल्यासारखं झालं. "आजचे आवाज आधीच पोचलेत. उद्यापासून ध्वनिमुद्रणं डिस्कवर घेतो आणि रोज तुमच्याकडे घेऊन येतो. पाचच्या आत पोचलं म्हणजे झालं ना? कसं पोचलं, हे नियमात कुठं लिहिलंय?"

दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला. सहा किलोमीटर सायकल, आतल्या खिशात डिस्क. ऑफिसातलं ते यंत्र जुनं होतं, एका दिवसाचे आवाज उतरवून घ्यायला त्याला बावीस मिनिटं लागायची. ती बावीस मिनिटं दोघं जिन्याच्या कठड्याशी उभी राहायची. तिथल्या उंच खिडकीतून धुक्यात बुडालेली छपरं दिसत, आणि कधी कधी नुसतंच धुकं.

"आज किती आले?" ती विचारायची.

"चारशे बारा. एक लंगडा."

"आवाजावरून लंगडा कसा कळतो?"

"उतरताना पाण्यावर दोन पाय वाजतात. त्याचा एकच वाजला."

कधी तो तिला एखादी शीळ करून दाखवायचा आणि पहिल्या मजल्यावरचे लोक माना वर करून बघायचे. कधी ती त्याला एखाद्या गुंतलेल्या वाटेची गोष्ट सांगायची, आणि तो इतकं लक्ष देऊन ऐकायचा की सांगता सांगता तीच विसरायची पुढे काय. एकदा त्याच्या बाहीला चिकटलेलं गवताचं पातं तिनं काढलं... आणि ते कुठं टाकावं हे न कळून संध्याकाळपर्यंत मुठीत ठेवलं.

एकविसावा दिवस गेला, तिसावा गेला, चाळिसावा गेला.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना तिच्या पडद्यावर एक पत्र आलं. दोनच ओळींचं. मर्यादा वाढवून मिळाली होती, शंभरची अडीचशे.

तिनं ताबडतोब काम सुरू केलं. दोन शाळा केव्हाच्या ताटकळत होत्या, त्या जोडल्या. एक प्रयोगशाळा होती, ती जोडली. मग तिनं नवी ओळ उघडली, दोनशे एक्कावन्न लिहिलं... आणि बोट तसंच राहिलं.

ही ओळ लिहिली की आवाज आपापले येतील. सायकल नको, डिस्क नको, बावीस मिनिटं नकोत.

उद्या लिहू, तिनं स्वतःला सांगितलं. एक दिवसानं काय होतंय? आज तर तो येणारच आहे.

दुपारी तो निघाला. पण त्या दिवशी बारीक भुरभुर सुरू होती आणि वारा समोरून होता. चार वाजले. रोज तो पावणेचारला यायचा. सव्वाचार झाले. तिनं फोन लावला, पण होडीवर कुणी नव्हतं. साडेचारला ती खिडकीपाशी गेली आणि तिथून हललीच नाही. चार पस्तीसला धुक्यातून एक माणूस सायकल हातानं ढकलत पळताना दिसला. साखळी तुटून लोंबत होती.

तो जिने चढून वर आला. गुडघा फुटला होता, कपडे चिंब, श्वास पुरत नव्हता. त्यानं खिशातून डिस्क काढली. ती मात्र कोरडी होती, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. यंत्रानं बावीस मिनिटं घेतली. पाचाला दोन मिनिटं कमी असताना हिरवा दिवा लागला.

"पोचलं," तो भिंतीला टेकून हसला. "अशी शर्यत जन्मात लावली नव्हती."

त्याचं ते हसणं तिला बघवेना.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "मर्यादा वाढली आहे. पत्र सकाळीच आलं. बाकीच्यांच्या वाटा मी सकाळीच लिहिल्या. तुमची... लिहिली नाही."

"का?"

"लिहिली असती तर तुम्ही आज आला नसता."

जिन्यात कुठंतरी दार वाजलं. तो भिंतीपासून सरळ झाला. त्याच्या केसांतून एक थेंब ओघळून गालावर आला, पण त्यानं तो पुसला नाही.

"दोन मिनिटं," तो हळू म्हणाला. "दोन मिनिटांनी एकेचाळीस दिवस गेले असते. ती झोपडीही गेली असती."

"माहीत आहे. म्हणूनच सांगितलं."

ती खुर्चीत बसली आणि त्याच्यासमोर ओळ लिहिली. लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. यादीच्या तळाशी दोनशे एक्कावन्न उगवला. त्यानं डिस्क उचलली, खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला.

बेचाळिसाव्या दिवशी आवाज पावणेचारला आपापले आले. त्रेचाळिसाव्या दिवशीही. फोन नाही. चव्वेचाळिसाव्या दिवशी तिनं बावीस मिनिटं कठड्यापाशी उभं राहून पाहिलं. ती फार लांब असतात, हे तिला पहिल्यांदाच कळलं. घरी आईनं एकदाच तिच्याकडे पाहिलं, चहाचा कप पुढे सरकवला आणि चेष्टा केली नाही. त्यानंच तिचे डोळे भरून आले.

पंचेचाळिसाव्या दिवशीचे आवाज पोचले. त्यानंतर तासाभरानं फोन वाजला.

"मी बोलतोय. होडीवरून."

"हं."

"संस्थेचा निर्णय झाला. झोपडी राहणार."

"खूप छान," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलं. "तुम्ही रागावलाय ना?"

"रागावलो होतो. पहिले दोन दिवस तुमच्यावर."

"आणि मग?"

"मग माझ्यावर." वारा मधे येऊन गेला. "डिस्क न्यायला संस्थेची गाडी रोज दुपारी बाराला पाठवायला तयार होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं होतं. मी म्हणालो, नको, नाजूक काम आहे, मी स्वतः नेतो." तो थांबला. "त्या दिवशी पाऊस दिसत होता, साखळी करकरत होती. तरी गाडी नको म्हणालो. तुम्ही एक दिवस लपवलात. मी एकवीस दिवस लपवलं. मग कोणतं तोंड घेऊन फोन करणार?"

तिनं फोनवर हात ठेवला, कारण हसू आणि रडू दोन्ही एकाच वेळी आलं होतं आणि त्यातलं कुठलंही त्याला ऐकू जायला नको होतं.

"नेटवर्कबाई? आहात का?"

"आहे."

"रविवारी पहाटे याल? मोठा थवा परत निघणार आहे. गरम कपडे घाला. आणि एक अडचण आहे... तिथं बोलायचं नाही. माइक चालू असतात."

रविवारी पहाटे ती पाणथळाच्या काठावर पालथ्या होडीला टेकून त्याच्या शेजारी बसली होती. समोर पाणी होतं की धुकं, हे सांगता येत नव्हतं. उजाडायला लागलं तसं त्या करड्या रंगात आधी गवताचे शेंडे उमटले, मग दूरवर काळे ठिपके, मग ठिपक्यांच्या माना. तिला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या आणि एकही बोलता येत नव्हती. त्यानं थर्मासचं झाकण तिच्या हातात दिलं. तिची बोटं गारठलेली होती. त्यानं ती झाकणासकट आपल्या दोन्ही हातांत धरली आणि सोडली नाहीत.

मग काही इशारा नसताना सगळं पाणी एकदम उठलं. हजारो पंख... धुकं हललं, गवत आडवं झालं, आभाळ भरून गेलं. त्या आवाजाच्या आडोशानं तो तिच्या कानाशी वाकला आणि त्यानं काहीतरी विचारलं. चारच शब्द. ते तिच्याशिवाय कुणालाही ऐकू गेले नाहीत, माइकलाही नाही.

तिनं उत्तर दिलं. पण तोवर थवा पार निघून गेला होता आणि पाणथळावर टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता होती.

सोमवारी दुपारी फोन आला.

"एक घोटाळा झालाय," तो म्हणाला. "कालच्या मुद्रणात सहा बेचाळीसला यंत्रानं लाल खूण केली आहे. अनोळखी आवाज, एक."

"अरे देवा."

"नियमाप्रमाणे माणसाचा आवाज संग्रहात जाऊ द्यायचा नसतो. पुसावा लागतो."

"मग पूस ना."

"पुसतो. पण आधी ऐक."

त्यानं फोन यंत्राजवळ धरला असावा. आधी पंख आले, लांब जाणारे, विरत जाणारे... मग नुसतं पाणी. आणि मग त्या सगळ्या शांततेत, अगदी स्वच्छ, जरा घाईघाईनं म्हटलेलं, तिचं स्वतःचं "हो".

त्यानं मुद्रण थांबवलं.

"हे पुसायला हात होत नाही गं," तो म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "पुसून टाक. रविवारी येऊन पुन्हा म्हणते."